बिनरखवाल्याचा प्लॉट आणि आपांचे दोन फोन

ती केस आठवली की आरोपीचा चेहरा नंतर येतो. आधी दिसतात माझ्या टेबलावर ठेवलेले दोन मोबाइल, एक काच तडकलेला आणि एक कोरा करकरीत. त्यांच्या पलीकडे डोक्यावरची ओढणी सावरत ताठ बसलेली एक पन्नाशीची बाई. नाव कोणाचंच सांगणार नाही. तिला सगळी अमरावती आपा म्हणायची, मीही तेच म्हणतो.

मी तेव्हा अमरावतीत ठाणेदार होतो. आपा प्लॉट आणि घरांची दलाली करायच्या. बी.कॉम. झालेल्या, तोंडानं तिखट. त्यांच्या पर्समध्ये किल्ल्यांचा हा मोठा जुडगा असायचा. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं आपली बंद घरं त्यांच्या भरवशावर सोडून जात. भाडेकरूला घर दाखवायचं, नळ गळतो का पाहायचं, सगळं आपा करत.

नांदगाव खंडेश्वरचा एक निवृत्त कंडक्टर आणि त्याची बायको तक्रार घेऊन आले. आपांनी त्यांना शहराबाहेरचा एक प्लॉट दाखवला होता. प्लॉटवर 'विकणे आहे' असा बोर्ड, बोर्डवर मालकाचा नंबर. मालक आला, आधार कार्ड दाखवलं, इसारपत्र झालं, आगाऊ पैसे घेऊन गेला. पुढच्याच आठवड्यात जोडपं सहज प्लॉट पाहायला गेलं, तर तिथं भलताच माणूस गवंड्याशी बोलत उभा. खरा मालक तोच होता. त्यानं बोर्ड कधी लावलाच नव्हता. बोर्डावरचा नंबर बंद, आधार कार्ड खोटं.

"आपानंच दाखवला, साहेब," कंडक्टर रडकुंडीला येऊन म्हणाला. "आमी तं तिच्या शब्दावर गेलो."

फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, अज्ञात इसमाविरुद्ध. आपांचं नाव आरोपीत टाकायचं की साक्षीदारात, हे मी राखून ठेवलं. पण गाव कुठे थांबतं? दोन-तीन दिवसांत लोक आपांकडून किल्ल्या परत मागू लागले. दलालाच्या हातातून किल्ली गेली की धंदा बसलाच समजा. आरोपी म्हणून नाव आलं असतं, तर त्या बाईला पुन्हा कोणी आपल्या उंबऱ्यात उभं केलं नसतं.

अशात माझ्या मोबाइलवर फोन आला. पुरुषाचा आवाज, जरा घोगरा.

"साहेब, आपलं तं काई नाई, पण त्या प्लॉटवाल्या आपानं नवा फोन घेतला. भारीतला. पाहा बाप्पा, कुठून आला तं."

नाव विचारलं तर फोन ठेवला. निनावी खबर अशीच येते, आणि पोलिसाला ती सोडता येत नाही. मी महिला हवालदाराला पाठवून आपांना बोलावून घेतलं.

आपा आल्या त्या दोन्ही फोन घेऊनच. मी काही विचारायच्या आत त्यांनी ते टेबलावर ठेवले, कुलूप उघडून.

"नवा फोन काहून घेतला?" मी एकदम विचारलं. चौकशीत पहिला प्रश्न असाच टाकावा, माणूस गडबडला की कळतं.

"भिशी लागली मले. भिशीतल्या साऱ्या बाया बोलवा अन् विचारा," आपा म्हणाल्या. "अन् काहून घेतला म्हणता? साहेब, हे मायं दुकान हाय. दुकानाचं शटर मोडलं तं तुमी काय करता?"

मग त्यांनी मला फोन कसा घेतला ते सांगितलं आणि मी ऐकतच राहिलो. दुकानदार सेल्फी किती गोरी येते ते सांगत होता. आपा फोन घेऊन थेट रस्त्यावर, भर उन्हात. प्लॉट उन्हातच दाखवायचा असतो, तिथं स्क्रीनवर नकाशा दिसला नाही तर गिऱ्हाईक काय पाहणार? मग व्हिडिओ चालू करून तो फोन त्यांनी उन्हातच धरून ठेवला. आमच्या वऱ्हाडचा उन्हाळा असा, की ऐन सौद्यात फोन तापतो आणि आपोआप बंद पडतो. दुकानदार वैतागला. म्हणाला, "आपा, फोन घेऊन राहिल्या का पापड वाळवून राहिल्या?"

हवालदार बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. मीही हसलो असेन.

"खोल्या मोठ्या दिसतात तसला कॅमेरा घेतला असेल," मी मुद्दाम टोचलं.

"हाय न त्यात. पण घरासाठी वापरत नाई," आपा म्हणाल्या. "दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसते त्याच्यात. गिऱ्हाईक घरी येऊन पाहते अन् मलेच शिव्या घालते. एकदा झूठ दिसलं की मंग खरंही झूठ वाटते."

"जुना विकला का नाही?"

"त्यात लोकायची घरं हाय, साहेब. कागदं हाय. पुसल्याबिगर तो कोणाले देऊ?"

मी मनात नोंद केली. गुन्हेगार पहिलं काम फोन पुसायचं करतो. हिनं पुसला नव्हता आणि माझ्या पुढ्यात उघडा ठेवला होता.

त्या तडकलेल्या फोनात त्या प्लॉटचा व्हिडिओ होता. पूर्वीचे दलाल शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून मालकाच्या तोंडून चतुःसीमा वदवून घेत. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, चार लोकांसमोर मोठ्यानं. आपांनी ती रीत फोनमध्ये आणली होती. प्लॉट कोणताही असो, मालकानं त्यावर उभं राहून चतुःसीमा बोलायची आणि आपांनी व्हिडिओ काढायचा.

पण या व्हिडिओत तो मालक म्हणवणारा कुठेच नव्हता! आपा दिसत होत्या, कंडक्टर आणि त्याची बायको दिसत होती. आवाज मात्र चौथ्याचा.

"त्यानंच काढला," आपा कपाळावर हात मारून म्हणाल्या. "ऊन डोळ्यात जाते म्हणे, आणा आपा, मीच काढतो. मले वाटलं, शरीफ माणूस हाय."

फोटो काढणारा फोटोत येत नाही, असा त्याचा हिशोब. पण तोंड बंद ठेवायचं त्याला सुचलं नाही. मी आवाज वाढवला. "पूर्वेले रस्ता, पश्चिमेले लिंबाचं झाड…" मग आपा त्या जोडप्याला म्हणाल्या, "मोजणी करून घ्या, मालकाच्या भरवशावर राहू नका." मालकाच्या तोंडावर! संगनमत असलेला दलाल असं बोलेल का? आणि त्यावर तो हसून म्हणाला, "घ्या की मोजून. आपलं तं काई नाई."

मी व्हिडिओ थांबवला. तेच शब्द, तोच घोगरा आवाज. मला खबर देणारा आणि प्लॉट विकणारा एकच होता. लेकाचा आपल्याच गुन्ह्याची खबर द्यायला मला फोन करत होता.

खबर ज्या नंबरावरून आली तो मी आपांना दिला. त्यांनी तो आपल्या फोनात टाकला आणि स्क्रीनवर उमटलं: 'अकोला, दोन खोल्या, नुसता पाहते.'

आपा गिऱ्हाइकाचं नाव साठवत नसत. गाव, हवंय काय आणि माणूस कसा, एवढंच. हा प्राणी काही महिन्यांपूर्वी घर पाहिजे म्हणून याच नंबरावरून बोलला होता, बोर्डावरचा नंबर वेगळा. दलाल कसा आहे, ते चाचपायला. आपा रोज सकाळी घरा-प्लॉटांचे फोटो स्टेटसवर टाकत आणि तेव्हापासून हा ते न चुकता पाही. कोणी पाहिलं ते आपांना संध्याकाळी समजे. नव्या फोनचं स्टेटसही त्यांनीच हौसेनं टाकलं होतं.

"पायला असीन मेल्यानं," आपा म्हणाल्या. "अन् मलेच फसवाले निंगाला."

सिम कार्ड तिसऱ्याच्याच नावावर निघालं. पत्ता लागेना. मग आम्ही सापळा ठरवला. कल्पना आपांची होती, हे मी खटल्यातही सांगितलं आणि इथंही सांगतो. अकोल्यात त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा रिकामा प्लॉट होता. त्या कुटुंबाची परवानगी घेतली. त्या प्लॉटचं स्टेटस टाकायचं, पण ते एकट्या त्याच नंबराला दिसेल असं. फोनमध्ये तशी सोय असते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी मजकूर सांगितला, "स्वस्तात, तातडीने विकणे."

आपा हसल्या. "साहेब, तुमी चोर पकडता, पण चोराचं गिऱ्हाईक नाई झाले कधी. विकाले काढलेल्या प्लॉटवर मालकाचा डोळा असते. त्याले बिनरखवाल्याचा पाहिजे." आणि त्यांनी तोंडानं बोलत स्वतःच लिहिलं: 'काय जागा हाय! मालक पुण्याले, वर्षातून एकदा येते. विकतच नाई, काय करावं.' खाली फोटो, मागे पाण्याची टाकी दिसेल असा. जागा सापडायला तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी आपांचा फोन आला. "पायलं त्यानं. तीनदा."

अकोल्याच्या ठाण्याला कळवलं, पंच घेतले आणि समोरच्या घराच्या ओसरीत साध्या कपड्यांत माणसं बसवली. तिसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, एक माणूस मोटारसायकलवरून आला. मागे बांधलेला पत्र्याचा बोर्ड आणि सब्बल, म्हणजे पहार. त्यानं खड्डा खणला, बोर्ड रोवला, 'विकणे आहे', खाली नवा नंबर. चार पावलं मागं सरकून बोर्ड सरळ आहे का तेही पाहिलं. माझ्या हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपलं तं काई नाई, साहेब," तो म्हणाला. "मले बोर्ड लावाले सांगतलं कोणी तं."

तोच आवाज ऐकून आपा आडोशाला उभ्या केलेल्या आमच्या गाडीतून उतरल्या. ओळखायला त्यांना बोलावलं होतं. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याच्या अंगावर ओरडतील असं मला वाटलं. त्या इतकंच म्हणाल्या, "चतुःसीमा सांग न आता या प्लॉटची."

खोट्या कागदांचं सामान त्याच्या घरी सापडलं. आवाजाचे नमुने तपासायला गेले, जोडप्यानं त्याला ओळखलं. इसाराची बरीचशी रक्कम परत मिळाली. आपांचं नाव दोषारोपपत्रात साक्षीदार म्हणून आलं, पहिल्या क्रमांकाची साक्षीदार. कंडक्टरच्या बायकोनं ठाण्याच्या आवारातच आपांचे हात धरले आणि म्हणाली, "चुकलो आमी, बाई." पुढं त्यांनी प्लॉट घेतला तो आपांकडूनच, मोजणी करून.

या केसनं मला काय शिकवलं? निनावी खबर आली की माहितीइतकंच खबर देणाऱ्याचं बोलणं ऐकावं, हे एक. दुसरं असं, की लोक फोनला नावं ठेवतात, माणसं बिघडली म्हणतात. मी एक बाई पाहिली जिनं धंद्याची जुनी, खरी रीत त्या फोनात जशीच्या तशी घातली होती. त्या रीतीनंच तिची अब्रू राखली. मला तिचं मनापासून कौतुक वाटलं आणि आजही वाटतं.

निवृत्तीनंतर मी आणि बायको मुलाकडे राहायला निघालो. अमरावतीचं घर बंद ठेवायचं होतं. मी आपांकडे गेलो आणि आमची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली, जुडग्यात ओवली. जुडगा पूर्वीपेक्षा जड झाला होता.

"नंबर तोच हाय न, साहेब?" त्यांनी विचारलं.

"तोच. साठवला आहे ना?" असं म्हणून मी त्यांना फोन लावला. टेबलावर त्यांचा फोन थरथरला आणि स्क्रीन उजळला. मला बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रंही मिळाली, ती घरात कुठेतरी आहेत. पण त्या स्क्रीनवर जे दिसलं ते मी बायकोला घरी जाऊन दोनदा सांगितलं: 'अमरावती, ठाणेदार साहेब, ऐकून घेते.'