बाबांच्या डोळ्यांवरची पट्टी

अन्याय झाला तो आयसीयूतल्या सिस्टरवर. मंगळवारी दुपारी, चार ते साडेचारच्या भेटीच्या वेळेत, माझ्या बाबांच्या खाटेशेजारी. करणारा मी. संघटनेच्या पत्रकात मी दोषी माणूस वरच्याच ओळीत छापतो, मग इथे पळवाट कशाला?

बाबा उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं धरली आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. काका आणि मी अंबरनाथहून पोचलो तेव्हा ते लाकडासारखे पडलेले. पापण्या चिकटपट्टीने बंद. छाती हलत होती तीही मशीनच्या तालावर. काकांनी पायाला चिमटा काढून बघितला. काही नाही.

"गेलाय रे हा," काका म्हणाले. "नुसतं मशीन चाललंय."

मला तेवढंच पुरलं. मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि सभेतल्या आवाजात सुरू झालो. "मेलेल्या माणसाला मशीन लावून ठेवलंय! डोळे का बांधले? काय लपवताय?"

सिस्टर बदलापूरची, साधारण माझ्याच वयाची. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नजर मॉनिटरवर होती. बाबांच्या नाडीचा आकडा भराभर चढत होता. तिने एका डोळ्याची पट्टी अलगद उचलली. कडेने पाणी ओघळलं.

"सर, खाट चार नंबर! झोप कमी पडतेय!"

डॉक्टर धावत आले, झोपेच्या औषधाचा पंप वाढवायला सांगितला. तिने तो वाढवला आणि बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, घाबरू नका. तुम्ही दवाखान्यात आहात. हलता येत नाही ते औषधामुळे. औषध बंद केलं की हलता येईल. मुलगा आलाय. आवाज मोठाय त्याचा, पण पोरगा तुमचाच आहे."

आकडा हळूहळू उतरला. मग ती माझ्याकडे वळली.

"दादा, ओरडायचं तर गेटवर जा. मशीनला नीट श्वास देता यावा म्हणून यांचं अंग औषधाने थांबवलंय. त्या औषधाने झोप येत नाही, झोपेचं वेगळं असतं. ते कमी पडलं तर माणूस आत जागा राहतो. सगळं ऐकतो, बोट हलवता येत नाही. आणि तुम्ही त्यांच्या उशाशी मेला मेला करताय?"

काका चपला घालायला बाहेर सटकले. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

पुढचे दिवस तिच्या पाळीत मी आयसीयूच्या दाराशी बसून तिचं काम बघितलं. पापणी मिटत नाही म्हणून बुबुळं वाळतात, त्यासाठी मलम आणि ती पट्टी. दर दोन तासांनी कूस. झोपेची सिरिंज संपायच्या आधी दुसरी भरून तयार. नळी सुटली तर बाबा स्वतःचा एक श्वास घेऊ शकले नसते, म्हणून अलार्म नीट वाजायच्या आत ही खाटेशी हजर. आणि प्रत्येक वेळी आधी सांगणार, "बाबा, उजवीकडे वळवते हां." उत्तर कधीच यायचं नाही. तरी एकदाही तिने न सांगता हात लावला नाही. खरं तर अशा एका पेशंटमागे एक सिस्टर हवी; इथे असे तीन पेशंट तिच्या एकटीच्या अंगावर होते.

बाबा शुद्धीवर आले. नजर शाबूत, पाठीवर एक जखम नाही. मी भीतभीत विचारलं, "त्या मंगळवारचं काही आठवतं?"

"कुठला मंगळवार?" ते म्हणाले.

व्हिडिओ पुसला आणि सिस्टरची माफी मागायला गेलो. ती सलाइन लावत होती. "माफी राहू द्या. एवढा आवाज आहे तर आम्हाला माणसं मागून द्या."

म्हणून मागतोय, आणि तुमच्याकडेच मागतोय. तुमचं माणूस व्हेंटिलेटरवर असेल तर सिस्टरवर डाफरण्याआधी दवाखान्याच्या ऑफिसात जा आणि विचारा, हिच्याकडे असे पेशंट किती? एकाहून जास्त सांगितले तर तिथेच, तिच्या बाजूने, लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.