वहिनींनी धरलेली हनुवटी

आज फडताळात लवंगेच्या तेलाची बाटली लवंडली, आणि त्या वासाबरोबर मी ठाकूरद्वारच्या आमच्या जुन्या वाडीत जाऊन उभा राहिलो.

प्लेगचे दिवस होते. माझी दाढ पावसाळ्यापासून किडलेली. "काढून टाका ती," असं वहिनी रोज सांगायच्या आणि मी "उद्या जातो" म्हणत लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून ठेवायचो. शेवटी जबडा सुजला, अंगात ताप भरला, आणि नेमके त्याच सकाळी प्लेगचे तपासणीवाले वाडीत शिरले. डॉक्टरने माझ्या जबड्याखाली बोटं दाबली. बरोबरचा शिपाई ओरडला, "गाठ आहे!"

सगळी वाडी मागे सरली. माझा सख्खा भाऊसुद्धा.

त्याची बायको मात्र पुढे आली. वहिनींनी माझी हनुवटी घट्ट धरली. "गाठ कसली, किडकी दाढ आहे! भाऊजी, आ करा."

चांगला मिशा राखलेला मी, सगळ्यांदेखत आ वासून उभा राहिलो. डॉक्टरने दाढ पाहून नाकाला रुमाल लावला आणि तो पुढच्या घराकडे वळला. बायका पदराआड हसल्या.

दाढ त्याच दिवशी उपटली, पण महिनाभर मी वहिनींशी धड बोललो नाही. मग एकदा जेवताना फणकारलोच, "चारचौघांत माझी एवढी शोभा करायची काय गरज होती?"

वाढता वाढता त्या थांबल्या.

"ती सूज दाढेचीच, हे मला तरी कुठे ठाऊक होतं, भाऊजी?"

तेव्हा ताटावर खाली गेलेली माझी मान या वासाबरोबर अजून खाली जाते.