पेले कोण धुणार?

काकूंचा संताप काही एका दिवसाचा नव्हता. पण त्या सकाळी तो बाहेर पडला, आणि का पडू नये?

काकांनी आपल्या चहाच्या टपरीवरून प्लॅस्टिकचे कप हद्दपार केले आणि काचेचे पेले आणले. चांगलंच केलं, गटारात तुंबलेले ते कप काकूंनाही बघवत नव्हते. पण कौतुक सगळं काकांचं! समोरच्या कचेरीतले लोक येता-जाता शाबासकी देणार, काका मिशीत हसणार. आणि मागे नळाशी उकिडवं बसून दिवसभर पेले कोण घासणार? काकू! सोड्याच्या पाण्याने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, मूठ मिटत नव्हती. दवाखान्यातली नर्स बजावून थकली, "काकू, हात कोरडे ठेवा, नाहीतर जखमा चिघळतील." कोरडे म्हणे! कुठे ठेवायचे, फडताळात?

तर त्या सकाळी कचेरीतले साहेब म्हणाले, "काका, आमच्या सगळ्या मजल्यांना तुमचाच चहा. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" काका छाती फुगवून म्हणाले. मागे वळून एका शब्दाने विचारलं नाही.

काकू उठल्या. ओल्या हातांनीच पुढे आल्या आणि काकांच्या हातातलं गाळणं हिसकावून घेतलं. "व्हा बाजूला. चहा मी करते. तुम्ही बसा नळाशी."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत! इतके महिने मी मागे मरत होते, तेव्हा कोणी बघितलं?"

काका नळाशी जाऊन बसले. दुपारी कंबर धरून, लाल झालेल्या तळव्यांवर फुंकर घालत उठले. "मेलो गं! उद्यापासून प्लॅस्टिकचेच कप आणतो. नसती ब्याद!"

आता मात्र काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझे हात सोलवटत होते तोवर सगळं झकास चाललं होतं! तुमची एक सकाळ पाण्यात गेली, तर लगेच प्लॅस्टिक? खबरदार एक जरी कप आणाल तर!" त्यांनी घासायची बादली उचलून दणकन गिऱ्हाइकांपुढे आदळली. "ज्याने चहा प्यायला, त्याने आपला पेला घासून ठेवायचा. जमत नसेल त्याने घरी प्यावा!"

दुपारच्या चहाला येऊन पुढेच उभे असलेले साहेब हातात रिकामा पेला घेऊन आशेने काकांकडे बघू लागले.

काकांनी तळवे पाठीमागे लपवले. "साबण तिथे डावीकडे आहे, साहेब."