भाऊजींच्या नाण्यांना मापाडी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की सगळ्यांना माहीत असलेली मोठी अमेरिकन कंपनी सोडून आजीने ती नाणी कॅनडातल्या त्या सावकाश कंपनीकडे तपासायला का पाठवली. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता नाणी परत आली आहेत, वाटणी झाली आहे, आणि पुढे ती तुमच्याच हातात यायची आहेत. म्हणून कारण लिहून ठेवते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, तुमचे कॅनडातले चुलत आजोबा. त्यांनी लग्न केलं नाही. दिवाळीला यायचे तेव्हा चांदीचे एक-दोन डॉलर आणायचे, होडी वल्हवणारी दोन माणसं असलेले. आधी बेलापूरला माझ्या धाकट्या जावेकडे मळ्यात राहायचे, मग श्रीरामपूरला माझ्याकडे येऊन नाणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून परत जायचे. शेवटच्या खेपेला एवढंच म्हणाले, की दोघी वहिनींनी सारखी वाटून घ्या. ते वारले आणि डबा माझ्या कपाटात राहिला.

तेव्हापासून जाऊ माझ्याकडे यायची बंद झाली. पूर्वी बाजाराला आली की घरी आल्याशिवाय परतत नसे. आता तिची सून भाजी आणून द्यायची आणि दारातूनच वळायची. इतक्या वर्षांचा घरोबा एका डब्यापायी तुटतो की काय, अशी मला भीती वाटू लागली. शेवटी मीच बेलापूरला गेले. तिने पाणी दिलं, चहा ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "डबा तुमच्या कपाटात, विंग्रजी तुमाला येतं, नातवंडं तुमची तिकडं. यात मी कुठं हाय, ताई?"

आमच्या घरात वाटणीची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. जमीन अशीच वाटली गेली, भांडीही. उरलेला वाटा आपल्याला येणार म्हटल्यावर पाडणारा सरळ वागतो. पण त्यासाठी वस्तू कळायला हवी. सराफाला दाखवली, तर त्याने नाणी तराजूत टाकली. त्याच्या लेखी सगळी सारखीच चांदी. तसं नसतं, हे तुमच्यापैकी थोरल्याने समजावलं. एकाच सालची दोन नाणी असली तरी कोऱ्याची आणि झिजलेल्याची किंमत फार वेगळी, आणि ते ठरवणाऱ्या कंपन्या असतात. पेपर तपासावा तसं त्या नाणं तपासतात, सत्तरपैकी आकडा देतात आणि सीलबंद करून पाठवतात. हे मला जमणारं वाटलं; मीही जन्मभर पेपरच तपासले.

चौकशी केली तेव्हा पुण्यातला एक दलाल कळला. तो नाणी गोळा करून त्या मोठ्या अमेरिकन कंपनीकडे पाठवत होता. तिथून येणाऱ्या कडक प्लास्टिकच्या डबीचा फोटो मी जावेला मोबाईलवर दाखवला. डबी तिला फार आवडली. मग तिने विचारलं, हा दलाल नाणी विकतही घेतो का. घेत होता.

"मग न्हाई. ज्यानं माप घालायचं त्यानंच माल घ्यायचा, असं कुठं असतंय व्हय?"

त्यांचा कांदा दरवर्षी मार्केट यार्डात जातो. माप घालणारा मापाडी वेगळा आणि व्यापारी वेगळा, हे तिला सांगावं लागत नाही.

अशा आणखी दोन कंपन्या होत्या; तिचा प्रश्न मी इंग्रजीत करून त्यांना ई-मेलने पाठवला. एकीने आपल्या नावलौकिकाबद्दल लांबलचक लिहिलं आणि प्रश्नाला बगल दिली. दुसरी कॅनडातली. तिने थोडक्यात कळवलं: आम्ही नाणी घेत नाही, विकत नाही, कॅनडाचीच नाणी जास्त तपासतो, वेळ लागेल, आणि नाणं घासलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहू. हे मी जावेला मराठीत सांगितलं. तिने तेच आपल्या मुलाकडून पुन्हा वाचून घेतलं. मला वाईट वाटलं, पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

तुम्ही इकडे आला होतात तेव्हा जाताना नाणी कॅनडाला न्यायला तयार झालात, पण तुम्ही पडलात माझी नातवंडं. म्हणून तिने प्रत्येक नाण्याचा फोटो काढून घेतला, मांजरपाटात पुडकं स्वतः शिवलं आणि ते कंपनीच्या टेबलावरच उसवायचं, असं तुम्हाला बजावलं. तुम्ही तसंच केलंत, हे तिने नंतर दोनदा तरी मला ऐकवलं.

नाणी परत आली ती मऊ, पारदर्शक पाकिटांत. "एवढ्या लांबनं आलं, आन् साबुदाण्याच्या पुडीत?" ती म्हणाली. पाकिटांवरचे आकडे तिने स्वतः वाचले. एका पाकिटावर मात्र आकडाच नव्हता, नुसतं इंग्रजीत लिहिलेलं होतं. नाणं घासलेलं आहे, म्हणून त्याची किंमत उतरली, असा त्याचा अर्थ मी सांगितला. डबा माझ्या घरात होता. संशय कुणावर जाणार हे दोघींनाही कळत होतं.

तिने पाकीट खिडकीकडे धरून पाहिलं.

"हे मीच घासलंय," ती म्हणाली. "भावजींनी माझ्या हातात दिलं हुतं. लक्ष्मीपूजनाला मांडायचं म्हनून चिंच लावून लई चकचकीत केलं. पूजा झाल्यावर भावजी ते तुमच्याकडं डब्यात टाकाया घिऊन गेले. तिकडं बसून बी कळलं म्हनायचं त्यांना." आणि हसली. मीही हसले. त्या डब्यावरून आम्ही दोघी एकत्र हसलो ते तेव्हाच.

मग मी वाटे पाडले. तिने दोन नाणी इकडची तिकडे करायला लावली, मी केली. तिने आपला वाटा उचलला. घासलेल्या नाण्याला आकडा नसल्यामुळे ते कुठे घालावं मला कळेना, तसं मी म्हटलं. तिने कात्री मागितली, पाकीट कापलं आणि नाणं पदराच्या टोकाला बांधलं. तुमच्या कंपनीला ते आवडणार नाही, पण मी तिला अडवलं नाही.

आज माझा वाटा बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि तिचा तिच्या कपाटात. घासलेला डॉलर बेलापूरच्या देव्हाऱ्यात आहे, त्यावर हळदकुंकू आहे. दोन्ही घरांचं येणं-जाणं चालू आहे.