मावशींची सोमवारची वही

त्या बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीची बस धरायला मी घराबाहेर पडलो, तेव्हा कौसल्यामावशींच्या दाराच्या कडीला दुधाची एक पिशवी लटकत होती. मी ती पाहिली आणि पुढं गेलो. गुरुवारी त्याच वेळी दोन पिशव्या होत्या. एका पिशवीचा अर्थ काहीही होऊ शकतो, दोनचा होत नाही. मी बस सोडली, बेल वाजवली, हाका मारल्या, शेवटी वरच्या मजल्यावरच्या दोघांना बोलावून दार फोडलं. मावशी फोनच्या टेबलाजवळ खुर्चीत बसलेल्या होत्या. रिसीव्हर जागेवर होता. मंगळवारी संध्याकाळीच गेल्या असाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सुमारे छत्तीस तास. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये नऊ इंची भिंत आहे. मंगळवारी संध्याकाळी त्या भिंतीच्या अलीकडं आम्ही जेवलो, टीव्ही पाहिला...

याला आता सहा आठवडे झाले. कॉलनीच्या ग्रुपवर मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्याखाली हात जोडलेली बरीच चित्रं आली. त्या चार ओळींत मी जे लिहिलं नाही ते इथं लिहितो आहे.

कौसल्या दाभाडे यांनी टेलिफोन ऑफिसात चौकशी विभागात ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं काढली. कोणाला कुठला नंबर हवा असेल तर तो सांगायचा, हे त्यांचं काम. आम्ही उस्मानपुऱ्यात राहायला आलो तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. नोकरी संपली तरी लोकांचं विचारणं संपलं नाही, फक्त प्रश्न बदलले. रुग्णासाठी कॉट भाड्यानं कुठं मिळते, खेड्यावरून आलेल्या नातेवाइकाला दवाखान्याजवळ स्वस्तात कुठं झोपता येतं, नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईनं आज कुठं जायचं, निराधार योजनेचा अर्ज कोण भरून देतं, एकट्या म्हाताऱ्याला डबा कोण पोचवतं. सोयगावचे माझे चुलते दवाखान्यात होते तेव्हा मीही असाच त्यांच्या दारात गेलो होतो. त्यांनी मला लगेच नंबर दिला नाही. "बसा," म्हणाल्या, "आधी मी लावून बघते."

ही त्यांची पद्धत होती. स्वतः लावून पाहिल्याशिवाय नंबर द्यायचा नाही. दर सोमवारी दहा ते बारा त्या बटणांच्या जुन्या फोनसमोर बसायच्या आणि कापडी बांधणीच्या लांब रजिस्टरातले सगळे नंबर एकेक करून फिरवायच्या. भिंतीतून आवाज यायचा. आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, आधार कार्ड लागतं का, ऑफिस खाली आहे की वर, वर असेल तर पायऱ्या किती. पायऱ्यांचा आकडा समोरच्याला कधीच माहीत नसायचा. मग मावशी म्हणायच्या, "मोजून या, मी थांबते." छावणी भागातल्या एका संस्थेच्या माणसाला त्या एकदा अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या, "साहेब, तुमच्या पाटीवर 'सदैव सेवेत' लिहिलंय. सदैव म्हणजे किती ते किती, तेवढं सांगा. मला लिहून घ्यायचंय."

मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार झालेला भाग मापात बसतो की नाही ते पाहायचं, बसला तर सही करायची, नाही तर नाही. त्यामुळं मावशींची वही मला पहिल्यापासून आवडली. एका दिवाळीच्या सुट्टीत मी ती सगळी संगणकावर उतरवून तक्ता केला. त्रेचाळीस नोंदी. छापून जिन्याखालच्या फळ्यावर लावला, आणि मोठं काम केल्यासारखं मावशींना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. "लई नीट केलंय, भाऊ," म्हणाल्या. पुढच्याच महिन्यात त्या स्वतः जाऊन तो काढून घेऊन आल्या. "त्यातले अकरा मेले." माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी खुर्ची पुढं केली आणि समजावून सांगितलं. "गरजवंताला एकच फेरी असती, भाऊ. तेवढ्या एका फेरीला तो कसाबसा निघतो. तिथं कुलूप दिसलं तर तो दुसरीकडं जात नाय. घरी जातो आन् पडून राहतो."

वहीत तीन खुणा असायच्या. काम होत असेल तर बरोबरची खूण, फोनच लागत नसेल तर फुली, आणि फोन लागतो पण काम होत नाही अशा ठिकाणांपुढं शून्य. मला फुली सगळ्यात वाईट वाटायची. मावशी म्हणायच्या, "फुली बरी. फुलीवर माणूस वेळ घालवत नाय. शून्य वाईट. शून्य गोड बोलतं." आणि एकदा मांडलेली खूण बदलायची तर त्यांचा नियम पक्का होता. नुसत्या शब्दावर नाही. ज्याच्यासाठी ती मांडली त्याचं काम तिथं खरोखर झालं की मगच.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला इस्माईलचाचा एका खोलीत राहायचे. शिंपी होते. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पुढं-मागं कोणी नव्हतं. मावशींनी नऊ ठिकाणी फोन केले आणि शहराबाहेरच्या एका आश्रमात जागा मिळवली. पण तिथल्या फॉर्मवर एक रकाना होता, 'जबाबदार व्यक्ती'. त्या व्यक्तीचं वय साठच्या आत पाहिजे. मावशी तेव्हा सदुसष्टच्या होत्या, त्यांची सही चालत नव्हती. त्या फॉर्म घेऊन माझ्याकडं आल्या.

मी तो सगळा वाचला. रकान्याखाली चार अटी होत्या. दाखल व्यक्ती आजारी पडल्यास दवाखान्यात सोबत थांबणं, आश्रमानं कळवल्यास सात दिवसांत तिला परत नेणं, मृत्यू झाल्यास देह ताब्यात घेणं, पत्ता बदलल्यास कळवणं.

"मावशी, चाचांशी मी सहा वर्षांत चारदा बोललोय," मी म्हणालो. "सात दिवसांत परत नेऊ म्हणजे कुठं नेऊ? जे मला जमणार नाही त्यावर सही कशी करू?"

"व्हय, बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "न वाचता सही करू नये माणसानं." त्यांनी फॉर्मची आधीच्याच घडीवर घडी घातली. टोमणा मारला नाही, आवाज चढवला नाही. माझी बायको वंदना चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. मला वाटलं, माझं म्हणणं त्यांना पटलं.

त्यानंतर अकरा दिवस मावशी सही शोधत फिरत होत्या. ते अकरा दिवस चाचा त्या खोलीत एकाच कुशीवर पडून होते. मावशी दोन वेळा जाऊन खाऊ घालायच्या, पण उताणं-पालथं करणं त्यांच्या ताकदीबाहेरचं होतं. पाठीला जखमा झाल्या. बाराव्या दिवशी सलीम नावाच्या रिक्षावाल्यानं सही केली. मावशी त्याच्या रिक्षानं भाजीला जायच्या, एवढीच ओळख. फॉर्म रिक्षाच्या सीटवर ठेवून तो म्हणाला, "किधर करनेकी, खाला? इधर?" मी गल्लीतून येत होतो, मी हे पाहिलं. मी त्याला म्हणालो, "अरे, वाचून तरी घे." तो म्हणाला, "पढके क्या होना साहब, बुड्ढा तो वोईच रहेगा." चाचा आश्रमात आठ महिने जगले. एकदा दवाखान्यात सोबत थांबावं लागलं, सलीम दोन दिवस थांबला. देह आणायला मावशी आणि सलीम गेले. परत न्या असं आश्रमानं कधीच कळवलं नाही. चार अटींपैकी ज्या एकीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, ती कधी लागूच झाली नाही.

मावशींचं आणि आमचं त्यानंतरही चांगलं होतं. तीळगूळ, वाटीभर आमटी, वर्तमानपत्र, सगळं चालू होतं. गेल्या वर्षापासून त्यांच्या पायांना सूज यायला लागली, दम लागायचा. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं, दुसरं काय." जाण्याआधी साधारण तीन आठवडे, एका रविवारी संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. वही काखेत होती. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. "भाऊ, तुमचं वय काय आता?"

"चौपन्न पूर्ण. पंचावन्नावं चालू," मी म्हणालो. "का हो, मावशी?"

त्यांनी काखेतली वही सावरली. "काही नाय. असंच." आणि भिंतीला हात लावत लावत परत गेल्या. मी वंदनाला म्हणालो, मावशींना दम फार लागतोय, एकदा डॉक्टरला दाखवायला पाहिजे. ती म्हणाली, मग न्या ना तुम्ही. मी म्हणालो, सुट्टी बघतो... सुट्टी त्या तीन आठवड्यांत तीनदा आली.

गुरुवारी पोलीस आले, पंचनामा झाला. हवालदारानं विचारलं, "तुम्ही कोण लागता यांचे?"

"शेजारी."

"नातेवाईक कोणी?"

"पुण्याला भाचा आहे. त्याचा नंबर शोधावा लागेल."

"तो येईपर्यंत कोणीतरी पाहिजे. शेजारी चालतं. इथं सही करा, आन् इथं."

मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा कागद न वाचता केली. आणि मग भाच्याचा नंबर शोधायला टेबलावरची वही उघडली.

वहीत नंबरांच्या यादीमागं मदत मागणाऱ्या प्रत्येकासाठी एक पान असायचं. वर नाव, वय, अडचण, खाली कुठं कुठं फोन केला आणि काय उत्तर आलं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, त्याच सरळ अक्षरात, हे होतं. 'कौसल्या दाभाडे. वय ७१. एकटी. हृदय कमजोर. पायऱ्या चढता येत नाहीत. रात्री जवळ कोणी पाहिजे असं डॉक्टरांचं म्हणणं.' दुसऱ्या कोणासाठी लिहावं तसं. त्याखाली सहा ठिकाणं. एकीकडं जागा नव्हती, एक वर होतं आणि बावीस पायऱ्या होत्या. उरलेल्या चारही ठिकाणी एकच उत्तर आलं होतं. जागा आहे, साठच्या आतली जबाबदार व्यक्ती आणा.

त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली तीन नावं. 'भाचा, पुणे. दोन खोल्या, सासू अंथरुणावर. विचारायचं नाही.' 'सलीम. लगेच तयार. पण मार्चमध्ये साठ पूर्ण झाली, फॉर्मवर बसत नाही.' आणि तिसरं, 'सोळुंके, शेजारी. वय ५४. बसतं.' त्यापुढं माझा मोबाईल नंबर. नंबरापुढं शून्य.

ते शून्य त्यांनी कधी काढलं, हे मला कळायला मार्ग नाही. वय विचारायला येण्याआधी की माझ्या दारातून परत गेल्यावर. मी वही उजेडात धरून पाहिली, नाव आणि शून्य एकाच निळ्या शाईतली आहेत. वय मात्र त्या रविवारनंतरच लिहिलेलं असणार. म्हणजे वय लिहिताना त्यांच्या मनात थोडी आशा होती, की सगळं लिहून घ्यायची नुसती सवय होती? मी याचा बराच विचार केला. त्यांनी सरळ विचारलं असतं तर मी सही केली असती, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर खूण बदलावी, असं त्यांच्या पद्धतीत कुठं बसत नाही. त्यांच्याकडं माझा एकच अनुभव नोंदलेला होता, आणि तो खरा होता.

दुपारपर्यंत भाचा आला. विहारातली मंडळी आली, त्रिशरण-पंचशील झालं. सलीम रिक्षा गल्लीच्या तोंडाशी लावून आला आणि शेवटपर्यंत हात बांधून उभा राहिला. घर रिकामं करताना भाचा म्हणाला, "काका, ही वही तुम्हीच ठेवा. तुम्हाला त्यातलं कळतं."

वही आता आमच्या घरी आहे. फोन पण मी मागून घेतला, त्याची मधली तीन बटणं झिजून गुळगुळीत झाली आहेत. माझी सुट्टी सोमवारी नसते, मी शुक्रवारी दहा ते बारा बसतो. अडतीस नंबर चालू आहेत. पायऱ्या विचारतो. छावणीतला तो माणूस मला म्हणाला, "त्या बाई कुठं गेल्या? लई पिडायच्या, पण त्यांच्यामुळं आम्ही खालच्या मजल्यावर आलो." मी त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "सोबत कोण होतं?" मी त्याला विचारलं, आज किती वाजेपर्यंत उघडं आहे.

गेल्या महिन्यात वहीतल्या एका नव्या पानासाठी, एका अनोळखी बाईच्या फॉर्मवर मी जबाबदार व्यक्ती म्हणून सही केली. चारही अटी वाचून केली. वंदना म्हणाली, आता ते शून्य खोडा. मी ते शून्याचं पान काढलं, पेन हातात घेतलं. पण ते पान त्या बाईचं नव्हतं. पानावर नाव कौसल्या दाभाडे असं आहे, आणि नियम त्यांचाच आहे. ज्याच्या पानावर खूण आहे त्याचं काम झाल्याशिवाय ती बदलायची नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि पुढचा नंबर फिरवला.