तो माझ्याबरोबर नाही

इम्तियाज गेल्याचा फोन आला तेव्हा मी उरणजवळच्या गोदामात कंटेनरचे कागद तपासत उभा होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. त्याच्या धाकट्या भावाचा आवाज होता. "दिनूभाई, भाईजान गेले. दुकान उघडता उघडता कोसळले." मी तिथल्याच एका खोक्यावर बसलो. त्यानंतर मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण हा लेख त्यासाठीच लिहितोय. आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, सुटलो, आता ती गोष्ट कोणालाच कळणार नाही. मग दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की आता त्याची माफीही मागता येणार नाही... आणि रडू फुटलं ते थांबेना.

आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. त्याचं पनवेलच्या बाजारात काचसामानाचं दुकान, आमची उरणकडची मिठागरं. मिठागरं गेली आणि मी बंदराच्या कागदपत्रांत अडकलो. त्याचे तिन्ही मामा आखातात होते, व्हिसा हातात घेऊन बसलेले, पण हा पठ्ठ्या ढिम्म. म्हणायचा, "परदेशात जाईन तर फिरायला जाईन. हुकूम ऐकायला नाय." नऊ वर्षांपूर्वी आम्ही खरंच निघालो. आधी थायलंड, तिथून बसने कंबोडिया. सर्वांत स्वस्त विमान, पाठीवर एकेक सॅक, माझ्या आईचा चिवडा आणि त्याच्या अम्मीच्या तांदळाच्या भाकऱ्या. त्या दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या झाल्या, तरी आम्ही चहात बुडवून संपवल्या. आठ जणांच्या खोलीत झोपायचं, नळाखाली शर्ट धुवायचा, रिक्षा करायची नाही. माझ्या पायांना फोड आले की तो वर तोंड करून म्हणायचा, "आगऱ्याचा पोर ना तू? मिठात चालणारे तुमी!" नारळपाणीवालीशी, बसच्या कंडक्टरशी, सगळ्यांशी त्याचं जमायचं. भाषा येत नाही याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं.

आता त्याची चूक सांगतो. थायलंडच्या विमानतळावर पासपोर्टात एक छोटं कार्ड पिन मारून देतात. देशाबाहेर पडताना ते परत द्यायचं असतं. इम्तियाज पडला दुकानदार. बँकेतून आलेल्या नोटांच्या गड्ड्यांच्या पिना नखाने उपटण्यात त्याचा जन्म गेलेला. पासपोर्टाचं पान फाटेल म्हणून त्याने ती पिन काढली आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. मी समोर बसून पाहत होतो. रोज कागदांतच मरणारा मी, पण त्या दिवशी नुसता हसलो. तो शर्ट दोन दिवसांनी कार्डासकट नळाखाली गेला.

सीमेवर रांगेत मी पुढे, तो मागे. माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला. त्याने पासपोर्ट दिला, खिडकीतल्या माणसाने पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि कार्ड मागितलं. इम्तियाज खिसे चाचपू लागला. सॅक दोन्ही पुढच्या बसमध्ये गेल्या होत्या आणि बस पलीकडे दहाच मिनिटं थांबणार होती. इतक्यात बाजूच्या खोलीतून दुसरा अधिकारी आला. साधा, शांत माणूस. त्याने माझ्याकडे बोट केलं, मग इम्तियाजकडे, आणि विचारलं, "टुगेदर?" बस, एवढंच. पण माझी पाचावर धारण बसली. परका देश, इम्तियाजची दाढी, त्याचं नाव... जे त्या अधिकाऱ्याच्या मनातही नसेल ते सगळं माझ्या मनात आलं. मी मान हलवली. नाही, तो माझ्याबरोबर नाही. इम्तियाज माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने पाहिलं. चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. तो फक्त खिशातून हात काढून उभा राहिला. मी चालू लागलो आणि मागे वळलो नाही.

पुढच्या गावात बस थांबली तिथे मी दोन सॅक मांडीशी घेऊन पाच तास बसलो. तेव्हा आमच्या फोनना तिकडे रेंज नव्हती, विचारायचं कोणाला? प्रत्येक गाडीला उठून उभा राहायचो. त्याच्या बायकोला, शबानावहिनीला काय सांगायचं, याची तीन तीन उत्तरं तयार केली आणि तिन्ही खोटी होती. दुपार कलली तेव्हा कलिंगडांच्या एका टेम्पोतून तो उतरला. कोरा फॉर्म भरून घेऊन त्यांनी त्याला सोडलं होतं. धुळीने माखलेला, घसा बसलेला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "दिन्या, जेवलास काय?" मी नाही म्हटलं. "मग चल. कलिंगड खाऊन खाऊन माझा जीव गेला."

तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. उलट परत आल्यावर दुकानात गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा, की मी पिन काढली, मी अडकलो, पण हा आमचा दिन्या बघा, मीच पुढे पाठवला, म्हणून सामान वाचलं! लोक माझ्याकडे कौतुकाने पाहायचे आणि मी मान खाली घालून चहा प्यायचो. शंभरदा ठरवलं, आज सांगतो. तोंडातून ब्र निघाला नाही. तो सांगत राहिला, मी ऐकत राहिलो, आणि अशी नऊ वर्षं गेली.

इम्तियाजच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पाहुणे पांगल्यावर शबानावहिनी समोर येऊन बसल्या. मी म्हटलं, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. त्या सीमेवर त्याने मला पुढे पाठवलं नव्हतं..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आले त्याच रात्री सांगितलं त्यांनी मला. फक्त मला. नंतरच्या ईदला तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला शिरखुर्मा द्यायलाही तयार नव्हते, दिनूभाऊ. अर्धी वाटी भरली आणि तीही आपटूनच ठेवणार होते. ते आत आले. म्हणाले, 'घाबरला होता गं तो. त्याच्या जागी मी असतो तर मीपण घाबरलो असतो. वाटी भरून दे.'" त्यांनी पदराने डोळे पुसले. "मला नाही पटलं. पण दर ईदला स्वतः आत येऊन बघायचे, भरली की नाही."

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग खिरीची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. काठापर्यंत भरली होती. सांडू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी उचलली.