न पाझरणारा घट

आई जाऊन वर्ष उलटलं आणि नवरात्र आलं. भाऊ परदेशातून फोनवर म्हणाला, "अगं, तू एकटी कशाला एवढं करतेस? देव देवळात देऊन टाकू." मी हट्टाने म्हटलं, "यंदा घट बसवते. धान उगवलं तर देव इथेच राहतील, डोंबिवलीत." तो हसून "चालेल" म्हणाला. मला मात्र रडू येत होतं. देव गेले की हे आईचं घर उरणार नव्हतं, नुसता माझा फ्लॅट राहणार होता.

आई बाजारातून साधा मातीचा घट आणायची. मी पडले सिरॅमिक आर्टिस्ट! वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात माझं चाक, माझी भट्टी. माझ्या भांड्यातून थेंब गळत नाही, ही माझी मिजास. तेव्हा घटही मीच घडवला, झिलई देऊन दगडासारखा टणक भाजला. पत्रावळीवर काळी माती पसरली, गहू पेरले, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवला, पहिली माळ चढवली.

तिसऱ्या माळेला माती कोरडी ठाक. शेजारच्या काकू दर्शनाला आल्या, वाकून बघत म्हणाल्या, "अगं, हा पाझरत कसा नाही? तुझ्या आईचा घट घामाघूम व्हायचा. त्याच ओलीवर तर धान येतं."

इतकी वर्षं मातीत हात घालून मला हे सुचू नये! बसवलेला घट हलवायचा नसतो, त्यामुळे बदलताही येईना. मग गाळ्याला कुलूप लावून घरीच बसले. पळीने पाणी घालायचं, माती सुकली की पुन्हा घालायचं. रिकामं घर खायला उठायचं. मी त्या मातीशीच बोलायला लागले. एकदा काकूंनी दार वाजवून विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

दसऱ्यापर्यंत धान आलं. बोटभर, पिवळट, पण आलं. भावाला फोटो पाठवला. "जिंकलीस," त्याचा मेसेज आला. देव राहिले.

आईच्या रिवाजाप्रमाणे तुरे खुडले. एक देवाला वाहिला, एक काकूंना दिला. मग आरशासमोर उभी राहून एक स्वतःच्या केसांत खोचायला गेले. नीट बसेना. दर दसऱ्याला आई तो मागून खोचायची आणि मी वैतागून म्हणायचे, "पुरे गं, टोचतंय." हात मागे तसाच धरून मी बराच वेळ उभी होते.